बखीतच्या डब्यातले स्वल्पविराम

पाट्या रंगवणाऱ्या उस्ता बखीतच्या एका पाटीपुढे उभ्या राहून परदेशी बाया फोटो काढायला लागल्या, तेव्हा तो आठवडाभर मिशीला पीळ देत फिरला. त्याला वाटलं, अस्वानात अखेर हाताची कदर झाली. त्या हसतात कशाला, हे मीच त्याला सांगितलं. सांगताना मलाही हसू आवरलं नाही, म्हणून पुढे कित्येक महिने त्याने माझ्या हातची भाकरी खाल्ली नाही.

ती पाटी ज्या हॉटेलची, त्याच्याच भटारखान्यात मी भाकरी करते. पिठाचे गोळे मातीच्या थाळ्यांवर उन्हात ठेवायचे, ऊन त्यांना फुगवतं, मग भट्टी. गोळे फुगेपर्यंत मला नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसत राहतात आणि पायऱ्यांवरची ती पाटीही. पायऱ्या ओल्या आहेत, जपून उतरा, एवढंच इंग्रजीत लिहायचं होतं. शब्द सात, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर स्वल्पविराम अकरा. काही पायाशी बसलेले, काही मानेला लटकलेले. सूचना कसली, वरातच ती.

हॉटेलचे मॅनेजर वगीह बे यांनी बखीतला बोलावलं. आवाज न चढवता सांगितलं, की हॉटेलात चोवीस पाट्या नव्याने इंग्रजीत करायच्या आहेत. आधी जेवणघराची एक करून आण. तीत खोट निघाली, तर सगळं काम बाजारातल्या छपाईयंत्राकडे जाईल. बाजारातली दुकानं केव्हाच त्या यंत्राकडे गेली होती. बखीतच्या कुंचल्याला हे हॉटेल तेवढं उरलं होतं.

मग तो आमच्यात आला. आमच्यात म्हणजे मिस इनसाफच्या अंगणातल्या इंग्रजीच्या वर्गात, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, लिंबाच्या सावलीत. शाळेतून निवृत्त होऊनही मिसच्या हातातलं लाल पेन निवृत्त झालेलं नव्हतं. तिथे मी होते आणि नाववाला रय्यस शाझली होता. विरामचिन्हांच्या बाबतीत आम्ही दोघंही आधीच बदनाम.

माझं प्रश्नचिन्ह अरबी सवयीने उलट्या बाजूला तोंड करून बसायचं, नवऱ्याशी भांडलेल्या बाईसारखं. शाझलीला पूर्णविराम देणंच जमत नसे. इंग्लंडातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला त्याने चार पानी पत्र लिहिलं, सगळं मिळून एक वाक्य. आणि वारा पडला, आणि शीड फाटलं, आणि बायको बरी आहे, आणि तुमची बायको कशी आहे, आणि. त्याचं म्हणणं, पूर्णविराम देणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं. मिसने पत्र वाचून चष्मा काढला.

"शाझली, पाहुणा दमला रे. त्याला घरी जाऊ दे."

बखीतचं दुखणं मात्र निराळं होतं. त्याच्या गुरूने त्याला कोवळ्या वयात शिकवलं होतं, की आधी अक्षरं लिहावीत, मग मागे सरून डोळे बारीक करावेत आणि जिथे जागा उघडी दिसेल तिथे बारीकसं काही ठेवावं. एखादा आकडा, एखादं पान, एखादी मात्रा. उघडी जागा राहिली की बघणाऱ्याचा डोळा तिथे ठेचकाळतो. इंग्रजी अक्षरं त्याला सुरुवातीपासूनच भुंडी वाटली, पाय सोडून बाकावर बसलेल्या टकल्या म्हाताऱ्यांसारखी. त्यांना काहीतरी ल्यायला द्यावं म्हणून तो स्वल्पविराम वाटत सुटला. ते कामाचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिसने त्याच्या वहीतल्या एका चिन्हावर पेन टेकवलं. "हा इथे काय करतो, उस्ता?"

"शोभतो, मिस."

"काम काय करतो?"

"तुमच्या कानातले डूल काय काम करतात?"

शाझलीने लिंबाच्या शेंड्याकडे पाहायला सुरुवात केली. मिसचा हात कानाकडे गेला, मग शांतपणे वहीवर उतरला आणि मिसने तो स्वल्पविराम खोडला. "डूल कानात आहेत, उस्ता. गालावर नाहीत."

त्या दिवसापासून बखीत खोडलेलं प्रत्येक चिन्ह कात्रीने कापून घरी न्यायला लागला. वहीला उंदरांनी कुरतडल्यासारखी भोकं पडली. ती कात्रणं तो हलव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. मी विचारलं, हे कसलं लोणचं घालतोस? तेव्हा त्याने सांगितलं, की त्याच्या गुरूने जन्मभर बोरूचं तासलेलं भुस्कट जपून ठेवलं होतं, आणि गुरू गेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळ घालायचं पाणी त्याच भुस्कटावर तापवलं. आपल्या हातून उतरलेलं लिहिणारा फेकत नाही.

"माझं पाणी यांच्यावर तापेल," तो डबा हलवून म्हणाला.

"कोमट होईल फार तर," शाझली म्हणाला. "अजून चुका कर."

चुका त्याने मनापासून केल्या. तरी चार महिन्यांत हात वळला. कुठे थांबायचं, कुठे नुसतं हळू व्हायचं, अक्षरांच्या वर लटकणारा अपॉस्ट्रॉफीचा आकडा कुणाच्या मालकीचा, सगळं कळलं. मिसचं लाल पेन त्याच्या वहीवरून कोरडंच फिरायला लागलं. डबा काठोकाठ भरला आणि थांबला.

मग त्याने जेवणघराची पाटी रंगवली. निळ्यावर पांढरी अक्षरं, जिथल्या तिथे चिन्हं, एकही जास्तीचं नाही. मी ती जवळ जाऊन पाहिली. आंघोळ घालून, केस चापून, शाळेच्या दारात उभं केलेलं पोर जसं दिसतं तशी ती दिसत होती.

वगीह बे यांनी ती दोनदा वाचली. चूक नाही म्हणाले. मग हनुवटी खाजवून म्हणाले, "पण बखीत, यंत्रही हेच देतं की."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. बखीतने पाटी आपल्याकडे ओढली. चुकला असता तर काम गेलं असतं, आणि आता न चुकल्यामुळेही हातचं जात होतं. तो एवढंच म्हणाला, की रंग ओला आहे, शनिवारी आणतो, आणि पाटी काखेत मारून निघाला. रंग वाळलेला होता. मी बोट लावून पाहिलं होतं.

शनिवारी वगीह बे यांनी पारखायला मिस इनसाफलाच बोलावून घेतलं. बखीतने फडकं बाजूला केलं. मधली अक्षरं तशीच, शुद्ध, आज्ञाधारक. पण पाटीच्या चारी कडांना सोनेरी वेल चढला होता. पानाला पान भिडलेलं, एक उभं, एक आडवं, एक वाऱ्यावर कललेलं. नीट पाहिलं तर पानं नव्हतीच ती. डब्यातले सगळे स्वल्पविराम नि लटकणारे आकडे होते, सोनेरी रंग देऊन चिकटवलेले, मोजून तेवढेच. मधे काम, काठाला हौस.

मिसने पेनाचं टोपण काढलं. वाक्यं वाचली, एकेक. मग काठाला लागल्या आणि पाटीभोवती फिरत राहिल्या. खालच्या कोपऱ्यात पेन थांबलं.

"हा एक उलटा आहे. अरबी आहे हा."

"तो मी आहे, मिस," बखीत म्हणाला.

मिसने टोपण पेनाला परत लावलं. वगीह बे यांना म्हणाल्या, वाक्यात चूक नाही, आणि काठावर माझा अधिकार चालत नाही. वगीह बे यांनी वेलावरून बोट फिरवलं. यंत्राला हे सांगायचं तर आधी यंत्राला चार महिने अंगणात बसवावं लागलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते म्हणाले, उरलेल्या तेवीस पाट्या घेऊन जा.

पायऱ्या उतरताना मी बखीतला गरम भाकरी दिली, आणि त्याने ती खाल्ली. घास चावता चावता तो एकदम थांबला.

"डबा रिकामा झाला की गं, उम्म हाशिम. माझं पाणी आता कशावर तापायचं?"

मी म्हटलं, तेवीस पाट्या आहेत, चुकशील की.

त्याने मिशीवरचं पीठ पुसलं आणि सोमवारी वर्गाला येतो म्हणाला.