जबाब यायच्या आत

सकाळी पाण्याचा खारेपणा मोजायचा तरंगता काटा पंचविसावर उभा राहिला आणि होस्नियाहनं फावडं उचललं. वाफ्यातल्या पाण्यात काटा तिथवर आला की मीठ तळाला बसलेलं असतं, आणि ते ओढायला दोन दिवस लागतात. आमच्या इंडोनेशियातल्या मदुरा बेटावर सप्टेंबरात पाऊस नसतो. त्या दिवशी मात्र पश्चिमेला ढग धरले होते.

माझं मिठागर तिच्याला लागून. बांधावरून मी हाक दिली, "अगं, आज कोर्टात जायचंय न्हवं? कारकून काय म्हणला, आठवतंय का?"

"आठवतंय, आक्का. त्येंचा जबाब यायच्या आत अर्ज माघारी घेतला, तर माझी एकटीची सही पुरती."

"आन् आल्यावर?"

"त्येंचीबी लागती." ती वाकलेलीच होती. "परवा जाते. कोर्ट काय विरघळत न्हाय. हे विरघळंल."

तिच्या नवऱ्यानं, मत्तलीनं, कालिमंतानात दुसरं घर केलं होतं. चार वर्षं ना पैसा, ना निरोप. मोसम संपला की मात्र तिचं मीठ विकायला हजर. शेवटी तिनं तलाकचा अर्ज घातला. समन्स समुद्रापार धाडण्यात तिच्या दोन शेळ्या गेल्या. आता लेकीचा, रोफिकाचा, निकाह पंधरा दिवसांवर आला होता आणि बाप म्हणत होता, "अर्ज हाय तंवर मी वली म्हणून बसत न्हाय." वलीशिवाय, म्हणजे मुलीकडून निकाह लावून देणाऱ्या पालकाशिवाय, निकाह नाही. बाप जिवंत असताना दुसरा वली म्हणजे आणखी एक अर्ज, आणखी तारखा. मुलाकडचे तेवढे थांबणारे नव्हते.

दोन दिवस होस्नियाह, रोफिका आणि मी, आम्ही तिघींनी मीठ ओढलं. चाळीस पोती भरली. शेवटचं पोतं छपराखाली गेलं आणि पाऊस कोसळला. होस्नियाह हसली. त्या महिन्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं फाईल उघडली. "ताई, काल दुपारीच त्यांचा जबाब आला."

मत्तली बाहेर बाकावर लवंगी सिगारेट ओढत बसला होता.

"दोन दिवस वाट बघितली तुझी," तो म्हणाला. "म्हनलं, बाईचं मन फिरलं."

"मीठ ओढत व्हते. आता सही करा, तुमचंच म्हणणं व्हतं ना?"

"करतो की. पर सही फुकाट असती व्हय? बोटीचं भाडं, जबाब लिवणाऱ्याचं पैसं. चाळीस पोती निघाली म्हणं."

"अर्ज मागं घेतला की वली म्हणून बसणार, अशी बोली झाली व्हती!"

"ती बोली बसण्याची. ही सहीची."

मी मध्ये पडले, "लाज न्हाय वाटत, भावा? लेक तुझीच ना?"

"म्हणून तर तिचा वली मी हाय, आक्का."

होस्नियाहनं माझा हात धरला आणि मला गप्प केलं. "न्या पोती," ती म्हणाली.

दोन सह्या झाल्या. कोर्टाचा खर्च अर्जदाराकडे, असं कारकुनानं वाचून दाखवलं. शेळ्यांच्या पैशातलं काहीच परत यायचं नव्हतं, वर थोडं भरायचंच निघालं. ते मी भरलं.

निघताना ती दारातून मागं वळली. "साहेब, मागं घेतलेला अर्ज पुन्हा घालता येतो का?"

"येतो. पण सगळं पहिल्यापासून. खर्चसुद्धा."

निकाहाला मत्तली नवी टोपी घालून बसला आणि एकदाही न अडखळता वलीचे शब्द बोलला. चौथ्या दिवशी त्यानं छप्पर रिकामं केलं.

पाचव्या दिवशी होस्नियाह पावसानं फुगलेला वाफा पायानं तुडवत होती. मीही चिखलात उतरले.

"आता कितीसं निघंल? महिन्याचं तर ऊन राह्यलंय."

"वीस पोती निघाली तरी पुरं. एका अर्जाला तेवढी लागत्यात."

"आन् परत त्यो आडवा आला तर?"

"कशाला धरून येईल?" तिनं दुसरा पाय रोवला. "लेकीचं लगीन झालं, आक्का. वली एकदाच लागतो."

तिनं समुद्राचं पाणी आत घेतलं आणि काटा सोडला. तो तिनावर उभा राहिला.