किड्याने खाल्लेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने चुनाळे आहे. बांबूच्या एका पेराचे, वीतभर लांबीचे, डोक्यावर लाकडी बूच. पोटात आयुष्यभर चुना बाळगला, त्यामुळे आतून पार पोळून निघाले आहे. पाठीवर आयुष्यभर एक कविता बाळगली, तिचा त्रास चुन्यापेक्षा जास्त झाला. खरे सांगायचे तर मी आता दमले आहे. एकदाच सांगते, पुन्हा पुन्हा विचारू नका.

माझा जन्म मिंदोरो बेटाच्या डोंगरात, मांग्यान लोकांच्या वस्तीत झाला. गाविद नावाच्या तरुणाने मला तोडले. बांबू तोडायचा तो कोरड्या दिवसांत, रस आटल्यावर. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळते. पण गाविद तेव्हा इलुय नावाच्या मुलीपायी वेडापिसा झाला होता. त्याला धीर कुठला? मी रसाने तट्ट फुगलेले असताना त्याने भर पावसाळ्यात सुरा चालवला. अशा बांबूला भुंगेरा लागतो म्हणजे लागतोच. त्याच्या घाईची शिक्षा मी भोगली.

मग माझे एक टोक छातीशी टेकवून, सुरीचे पाते अंगापासून लांब ढकलत त्याने अक्षरे कोरली आणि त्यांवर काजळी चोळली. आमचे लोक मनातले सरळ बोलत नाहीत. मुंगीवर, ओढ्यावर, पाखरावर घालून, सात-सात अक्षरांच्या ओळींत म्हणतात. त्याला आंबाहान म्हणायचे. ज्याने ऐकले त्याने ओळींतच उत्तर द्यायचे, असा रिवाज. माझ्या पाठीवर कोरले होते ते हे:

वाट चुकून आलं
पाखरू ओलं ओलं
दारापाशी बसलं
काही नाही मागलं
आत घेतलं, भलं
नाही, तरी चाललं

इलुयच्या खांबांवरच्या घराच्या शिडीपाशी बसून त्याने हे म्हटले, तेव्हा ती आतून खो-खो हसली.

"नाही, तरी चाललं म्हणे! तीन डोंगर तुडवत आलाय, उभं राहवत नाही, आणि म्हणे चाललं!"

नंतर तिने ओळींत उत्तर दिले. ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांचे आहे.

लग्न झाले आणि माझे कष्टाचे दिवस सुरू झाले. गाविदच्या घरी माणसांची रीघ असायची. पाहुणा आला की गाविद त्याला ओळींत विचारायचा, पाहुणा ओळींत सांगायचा, मग पान-सुपारी आणि त्यावर मी, या हातातून त्या हातात. पाहुणा माझ्यातला चुना हवा तेवढा घेई. मला भरायचे काम मात्र फक्त घरच्यांचे. पाहुण्याला चुनाळे भरायला सांगणे म्हणजे यजमानाने तोंड लपवावे अशी गोष्ट. एकदा दोन भाऊ शेताच्या बांधावरून हमरीतुमरीवर आले. गाविदने कुणाला रागे भरले नाही. एका डोंगरावरून उतरलेले दोन ओढे आणि त्यांच्यामधला एक दगड, एवढेच त्याने गाऊन दाखवले. दोघे तोंडे फुगवून गेले आणि दुसऱ्या दिवशी एकत्र तण काढताना दिसले. मला ते बगळे आणि ओढे ऐकून ऐकून वीट आला होता, पण भांडणे मिटायची, हे कबूल करायला हवे.

त्यांना दुलाय नावाची मुलगी झाली. मला भरायचे काम तिच्याकडे आले. ओढ्यातून गोगलगाईंचे शंख वेचायचे, भाजायचे, पाणी शिंपडून त्यांचा चुना करायचा आणि माझ्या पोटात ठासायचा. काम झाले की ती माझ्या पाठीवरून बोट फिरवत अक्षरे लावायची. ती माझ्यावरूनच वाचायला शिकली. पण तोवर भुंगेऱ्याने शेवटची ओळ खाऊन तिथे भोक पाडले होते.

"इथं काय होतं, बा?"

"होतं काहीतरी," गाविद तोंड फिरवून म्हणायचा, आणि इलुय तोंडावर हात धरून हसायची. त्या पोरीच्या बोटाचा मला लळा लागला होता. एवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

दुलाय मोठी झाली आणि खाली किनाऱ्यावरच्या गावात, एका खाणावळीत कामाला जाते म्हणाली.

"तिथं माणसं सरळ बोलतात, बा. भात हवा तर भात म्हणतात. इथं आधी बगळा, मग ओढा, तेव्हा कुठं भात!"

"जा. पण निघताना एक ओळ म्हणून जा."

"ओळीनं पोट भरतं का?"

गाविदचा चेहरा उतरला. "मग परत येशील ती पाहुणी म्हणून ये," तो म्हणाला. ती शिडी उतरून गेली, मागे वळली नाही.

त्यानंतर मला कुणी भरले नाही. इलुयने बाजारातली प्लॅस्टिकची बाटली आणली, तिच्यात चुना राहू लागला. मला भिंतीच्या झावळ्यांत खुपसले. गाविदचे गाणेही आटले. लोक यायचे, पान खायचे, तो हूं हूं करायचा. कितीतरी पावसाळे असेच गेले. झावळ्यांतून मला एकच वाट दिसायची, आणि त्या वाटेने ती येत नव्हती.

मग एका दुपारी ती आली. नदी उतरून आल्यामुळे कमरेपर्यंत भिजलेली, खांद्याला एक पिशवी. इलुय धावत निघाली, तर गाविदने हात आडवा केला. तो शिडीच्या वरच्या पायरीवर बसला आणि परक्या माणसाला विचारावे तसे त्याने म्हटले:

कुठल्या डोंगराची
पावलांना ही माती

उत्तर न देणाऱ्या पाहुण्याला वर बोलवत नाहीत. उत्तर देणारा पाहुणाही एक रात्र राहतो आणि जातो. दुलायने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मला आता जमत नाही, बा."

"पाहुण्यानं उत्तर द्यायचं असतं."

"माणूस आहेस की धोंडा?" इलुय कडाडली. "पोर कुडकुडतीय आणि हा ओळी मागतोय! बरं, तुझी पाहुणी ना? मग पाहुणीला चुना तरी देऊ दे." तिने मला भिंतीतून उपसले, खाली उतरली आणि दुलायच्या हातात ठेवले. मी रिकामे आहे हे तिला चांगले ठाऊक होते. बाई हुशार.

दुलायचे बोट माझ्या पाठीवर फिरले. थंडगार होते. काजळी उडाली होती, पण खाचा शाबूत होत्या. ती दबक्या आवाजात म्हणू लागली: वाट चुकून आलं, पाखरू ओलं ओलं. गाविद ताठ झाला. ही त्याची स्वतःची ओळ, त्याच्याच शिडीपाशी. दारापाशी बसलं, काही नाही मागलं, आत घेतलं, भलं. आणि तिचे बोट भोकात अडकले. ती थांबली. मित्रांनो, त्या क्षणी मला त्या भुंगेऱ्याचा जेवढा राग आला तेवढा जन्मात आला नव्हता. ओळ माझ्यावर होती, आणि मलाच ती देता येत नव्हती.

दुलायने डोळे पुसले आणि म्हटले:

"नाही, तर संपलं."

या वेळी इलुय हसली नाही.

"शेवटची ओळ अशी नव्हती," गाविद म्हणाला.

"किड्यानं खाल्लीय, बा. सुचली ती म्हटली."

"माझी खोटी होती. तुझी खरी आहे."

"कबूल करायला केवढी वर्षं लागली!" इलुय पुटपुटली.

रिवाजाप्रमाणे आता त्याने ओळींत उत्तर द्यायचे. पंचक्रोशीत कुणासमोर न अडलेला गाविद, पण ओळ न म्हणताच उठला. तो शिडी उतरून खाली आला. त्याने माझे बूच काढले आणि मला तळहातावर आपटले. चिमूटभरही पडले नाही. मग मला परत दुलायच्या हातात देऊन तो नेहमीच्या, थोड्या चिडक्या आवाजात म्हणाला, "चुना संपलाय. भरून आण."

ती तशीच ओल्या कपड्यांनी ओढ्याकडे पळाली.

मित्रांनो, तेव्हापासून माझे पोट पुन्हा पोळते आहे. तक्रार नाही. माझे एवढेच मागणे आहे: माझ्यासारख्या जुन्या वस्तू भिंतीत खुपसून ठेवू नका, अधूनमधून काढा, बोट फिरवून मोठ्याने वाचा. आणि दाराशी कुणी भिजत उभे असेल, तर त्याला आधी आत घ्या, ओळी मागाहून मागा.

आता माझे बूच लावा. दमले मी.