थंड पाण्यातले वीस दिवस

मी तळ्यातला मासा बोलतोय. तोंडाची उघडझाप तर आम्ही जन्मभर करतो, पण आज खरंच सांगण्यासारखं काही आहे.

हजारोंच्या घोळक्यात मला कुणी ओळखलं नसतं. पण माझी शेपटी अर्धी, म्हणून मालकाची थोरली बहीण मला 'तुटक्या' म्हणायची आणि खाद्य टाकताना आधी मला शोधायची. लाड कुणाला नको असतात?

थंडीच्या तोंडावर तळ्यात रोग आला. अंगावर फोड उठले, शेजारी उताणे होऊन तरंगू लागले. मालकाने औषध तेलात कालवून खाद्याला चोळलं. कडूजहर होतं, तरी गिळलं. दहा दिवसांत आम्ही बरे झालो. त्याचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

पण पोटात गेलेलं औषध लगेच निघून जात नाही. ते रक्तातून मांसात, कातडीत शिरतं. मग यकृत ते हळूहळू मोडतं आणि उरलंसुरलं पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. उन्हाळ्यात हे काम भराभर होतं. थंड पाण्यात मात्र आमचं यकृतही अंग चोरतं.

औषध थांबवून वीस दिवस होत आले, तेव्हा ताईने पाण्यात हात घालून पाहिला होता. "अरे, बोटं सुन्न होतात. मासे धड खातसुद्धा नाहीत. विकायला अजून पंधरा दिवस थांब."

"ताई, गेल्या वेळी वीस दिवसांनी तपासलं, काही निघालं नाही. वीस म्हणजे वीस."

ती गेली वेळ भर उन्हाळ्यातली होती.

एकविसाव्या दिवशी आम्हाला गाडीवरच्या टाकीत भरून बाजारात नेलं. आमच्यामागे मालकाने तळं उपसून कोरडं केलं. बाजारातल्या हौदात आम्ही दोन दिवस होतो. तपासायला नेलेल्या सोबत्यांच्या मांसात औषध सापडलं. विकायची बंदी झाली, आणि परत सोडायला तळ्यात पाणी नव्हतं.

आता गाडी तळ्याकाठी उभी आहे. खड्डा खणून झालाय, चुन्याच्या गोण्या आल्यात. मालक टाकीला टेकून ढसाढसा रडतोय.

"रोगाने मेले असते तर एवढं लागलं नसतं गं, ताई."

ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही.

मरण आम्हाला ठरलेलंच होतं. कुणाच्या तरी पोटाला लागू, एवढीच आस होती, तीही गेली. मालकावर माझा राग नाही. पुढच्या पिल्लांसाठी एवढंच मागतो: औषध द्या, पण ते पचवायला वेळही द्या. अजून पंधरा दिवस मिळाले असते, तर आम्ही निर्मळ झालो असतो हो.