आईच्या नावापुढचा रकाना

“पुढं काय विचारलंय?” येशीनं खुर्ची आणखी जवळ ओढली.

“नोकरी. वृद्धाश्रमातलीच ना अजून?”

“तीच. कायम झाले म्हणून लिहा. आणि बर्टा आजीला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी अंघोळ घातली की ती साबण फेकून मारते, तेही लिहा.”

“त्याला रकाना नाही गं,” देबेबे मास्तर म्हणाले.

येशी खळखळून हसली. मग काउंटरवरच्या बाई आपल्याकडं बघताहेत हे लक्षात येताच तिनं तोंडावर हात धरला.

स्वीडनमधल्या वेस्तेरोसच्या ग्रंथालयातलं खिडकीजवळचं ते टेबल म्हणजे मास्तरांची कचेरीच होती. गेली बावीस वर्षं दर बुधवारी दुपारी ते तिथल्या संगणकासमोर बसत. इथिओपियातून आलेला कुणी ना कुणी कागदांची पिशवी छातीशी धरून यायचा आणि विचारायचा, “मास्तर, बसू का?” मास्तर शेजारची खुर्ची सरकवून द्यायचे. या देशात कायम राहण्याच्या परवान्याचे अर्ज त्यांनी इतके भरले होते, की कुठल्या पानावर काय विचारतात ते त्यांना पाठ झालं होतं. तिकडं गोंदरला असताना ते शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवत. इथं आल्यावर त्यांनी शाळेच्याच फरशा पुसल्या आणि फरशा पुसतापुसताच निवृत्त झाले. पण हात शिक्षकाचाच राहिला. बटणांवर दोनच बोटं चालायची, पण चालू लागली की थांबायची नाहीत. त्यांचा नियम एकच होता. “अर्जात खोटं लिहायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. खोटा एक आकडा दहा खऱ्यांना खातो.”

येशीचा अर्ज जाऊन चौदा महिने झाले होते. आता पत्र आलं होतं, की माहिती जुनी झाली आहे, ताजी करून पाठवा.

“वडील?”

“वारले. माहितीये की तुम्हाला.”

“विचारावं लागतं, बाई. आई?”

“आलेमितू. राहणार गोंदर. जिवंत.”

मास्तरांचं बोट थांबलं.

बटणावर ते नुसतं टेकून राहिलं. बाहेर चौकातल्या झाडाची उरलीसुरली पिवळी पानं वाऱ्यानं फरशीवर घसटत होती.

“काय झालं?” येशीनं विचारलं.

“चष्मा.” मास्तरांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग लिहिलं. जिवंत.

येशीची नजर त्या बोटावरच होती. मग तिनं पिशवीतून लोकरीच्या सपाता काढून टेबलावर ठेवल्या. लहानशा, राखी रंगाच्या. “आईसाठी घेतल्यात. गोंदरची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. भावानं तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं माप काढून पाठवलं होतं, मागच्या वर्षी.”

“छान आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांनी सपातांना हात लावला नाही.

आलेमितू वारली त्याला त्या दिवशी बारा दिवस झाले होते.

येशीच्या भावाचा, कासाहुनचा, फोन मास्तरांना आला होता. तशीच रीत आहे. परदेशी असलेल्या माणसाला घरच्या मृत्यूची बातमी कुणी फोनवर देत नाही. त्याच्या जवळपास राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधी कळवतात. मग त्यांनी चारचौघांना बरोबर घेऊन, माणूस कामाला निघायच्या आत, भल्या पहाटे त्याच्या दारात जायचं आणि तोंडानं सांगायचं. ऐकणाऱ्याला धरायला माणसं हवीत, म्हणून.

वेस्तेरोसमध्ये हे काम मास्तरांकडं होतं. आजवर एकतीस दारं त्यांनी अशी वाजवली होती. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र कुणी आलं नव्हतं. ते या गावात नवे असताना त्यांची आई गेली. शाळेच्या जिन्यात, हातात फरशी पुसायची काठी असताना, कुठल्याशा दूरच्या भावाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, “अरे, तुला कुणी सांगितलं नाही?” जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं. मास्तर काठीला धरून उभे राहिले आणि मग उरलेला जिना त्यांनी पुसून काढला. तेव्हापासून गावात कुणाच्या घरची बातमी आली की तेच पुढं होत.

कासाहुनचा फोन आला त्या संध्याकाळी ते झेवदी मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मावशी त्यांच्याच वयाची. तिच्या जिभेला गावातले सगळेच वचकून असत.

“उद्या पहाटे जाऊ,” कांदा चिरता चिरता मावशी म्हणाली.

“उद्या नको.”

“मास्तर, मेलेल्या माणसाला रांगेत उभं करायचं नसतं.”

“ऐक तरी. तिचा जुना परवाना संपलाय. निकाल लागेपर्यंत इथं राहता येतं, काम करता येतं, पण एकदा सरहद्द ओलांडली की परत आत घेणार नाहीत. पोरीचा अर्ज तिच्याच अर्जाला जोडलेला. सोलियाना तीन वर्षांची होती आली तेव्हा. गोंदरला नेऊन तिनं करायचं काय?”

“मग येशीला सांगा, आणि म्हणावं जाऊ नको.”

“आईचं कळल्यावर ती थांबेल? आणि थांबलीच, तर जन्मभर स्वतःला खाईल.”

“म्हणून तिच्या वाटचं तुम्ही खाणार?”

मावशीनं सुरी खाली ठेवली. मास्तरांना काय खातंय ते तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी, जुना परवाना चालू होता तेव्हा, आलेमितू पहिल्यांदा अंथरुणाला खिळली. येशीनं येऊन विचारलं होतं, “मास्तर, अर्ज टाकायच्या आधी पंधरा दिवस जाऊन येऊ का?” आणि मास्तर म्हणाले होते, “आधी अर्ज टाक. चार महिन्यांत निकाल येतो. मग निवांत जा, महिनाभर राहा आईपाशी.” चार महिने हा त्यांचा जुना हिशेब होता. रांग वाढलीय हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. इतकी वर्षं लोकच त्यांना विचारत आले होते.

“चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबते,” मावशी म्हणाली. “आईच्या चाळिसाव्याच्या जेवणाला लेक तिथं हवी. तोवर कागद आला नाही तर मी एकटी जाऊन सांगेन. मग बसा तुम्ही तुमचे अर्ज कवटाळून.”

ते दिवस मास्तरांनी मोजून काढले. दर शनिवारी चर्चच्या तळघरात ते मुलांना आपल्या भाषेची अक्षरं शिकवत. स्वीडिश शाळेत जाणारी ती पोरं अक्षराचा पाय उजवीकडं काढायचा तर डावीकडं काढत. मास्तर रागवत नसत. पोराचा हात आपल्या हातात धरून पुन्हा गिरवून घेत. “घाई नाही रे. अक्षर काही पळून जात नाही.” येशी दर शनिवारी मुलांसाठी घरचा पाव घेऊन यायची. ग्रंथालयातल्या त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी आल्या आल्या तिनं विचारलं होतं. “मास्तर, आई फोनवर येतच नाही हो. कासाहुन म्हणतो घसा बसलाय.” मास्तर खाली बघून म्हणाले होते, “थंडी असेल.”

त्या बुधवारनंतर मात्र तिनं ते विचारणं सोडलं. पाव ठेवायची, मुलांच्या वह्या चाळायची आणि निघून जायची. मास्तरांना वाटलं, देवानंच आपल्यावर दया केली.

पस्तिसाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्यांचा फोन वाजला.

“परवान्याचं कार्ड आलं, मास्तर.”

“दोघींचं?”

“दोघींचं.”

बावीस वर्षांत अशा फोनवर मास्तरांनी आरोळ्या ऐकल्या होत्या, हुंदके ऐकले होते, एकानं तर फोनमध्येच गाणं म्हटलं होतं. येशीच्या बाजूनं बसच्या दाराचा आवाज तेवढा आला.

“सोमवारचं विमान बघितलंय,” ती म्हणाली. “मंगळवारी गोंदरला पोचेन.”

“रविवारी घरीच आहेस ना?”

“आहे ना. तुम्हाला माहितीये, मी लवकर उठते.”

रविवारी पहाटे चौघं निघाली. मास्तर, झेवदी मावशी आणि चर्चमधल्या दोन बायका. रात्री बर्फ भुरभुरून गेलं होतं, वाटेवर टाकलेली बारीक खडी बुटांखाली करकरत होती. मावशीच्या हातात झाकण बांधलेला डबा होता. जिन्यात पाऊल टाकताच दिवा आपोआप लागला. तिसऱ्या मजल्यापर्यंत मास्तर दोनदा थांबले.

“दम लागला?” मावशीनं विचारलं.

“नाही.”

“मग चला. पाय तुमचे कापताहेत आणि घाम मला फुटतोय.”

मास्तरांनी घंटेकडं हात नेला, आणि घंटा वाजायच्या आतच दार उघडलं.

येशी काळ्या कपड्यांत उभी होती. पांढऱ्या शालीचा रंगीत काठ खाली न सोडता तिनं गळ्याशी घेतला होता, दुःखात घेतात तसा. तिच्या मागं खोलीतल्या खुर्च्या भिंतीला सारलेल्या होत्या आणि बसणाऱ्यांसाठी जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. कॉफीचे कप मांडलेले होते. भिंतीशी सामानाची बॅग भरून उभी होती.

“या,” ती म्हणाली. “मी वाटच बघत होते.”

मावशीनं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

“तुमचं बोट थांबलं होतं, मास्तर,” येशी म्हणाली. “माझेच तीन अर्ज भरलेत तुम्ही. नवऱ्यानं टाकलं हेसुद्धा न थांबता लिहिलं होतं. आईच्या नावावर थांबलात.”

“अगं, मग तेव्हाच विचारायचं नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसतात. मग मला जावं लागलं असतं.” तिनं वळून आतल्या बंद दाराकडं बघितलं. सोलियाना झोपली होती. “तुम्ही दारात आला नव्हतात ना, तोवर मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी कामावर जात होते. बर्टा आजीला अंघोळ घालत होते. फक्त तिचे पाय धुवायची वेळ आली की…”

ती थांबली. जिन्यातला दिवा विझला.

“चूक माझी,” मास्तर अंधारातच म्हणाले. “चार महिने म्हणालो होतो मी तुला.”

“म्हणालात तुम्ही. राहिले तर मीच ना.” मग ती दारातून बाजूला झाली. “आता आत या, आणि सांगा. नीट, रीतीनं सांगा. मला सगळ्यांच्या देखत ऐकायचंय.”

एकतीस वेळा म्हटलेले शब्द मास्तरांना सापडेनात. पहिलीतलं पोर जसं एकेक अक्षर लावून वाचतं, तसे ते म्हणाले, “येशीहरेग. आलेमितूच्या मुली. तुझी आई गेली.”

तेव्हा येशी रडली. आठवडे आवळून धरलेलं ते रडणं ऐकून वरच्या मजल्यावर कुणीतरी चालायचं थांबलं. झेवदी मावशीनं तिला कमरेला धरून खाली बसवलं, स्वतः तिच्याबरोबर गादीवर कोसळली आणि दोघी एकमेकींना धरून डोलू लागल्या. आतलं दार उघडून सोलियाना बाहेर आली. विस्कटलेले केस, अंगात झोपायचा सदरा. आजी तिला आठवत होती ती फोनच्या पडद्यावरचीच. काय करावं ते तिला कळेना. मास्तरांनी तिचा हात धरला आणि आईजवळ नेऊन बसवलं.

नऊ वाजता मंडळी उठली, तेव्हा येशी जिन्यापर्यंत आली.

“तो रकाना तेवढा दुरुस्त करा, मास्तर. तुमच्या हातचं खोटं राहायला नको.”

“करतो,” मास्तर म्हणाले.

“आणि सपाता मी नेतेय. वहिनीला होतील.” ती क्षणभर घुटमळली. “नाही झाल्या तरी नेतेय.”

बुधवारी मास्तर नेहमीच्या वेळी ग्रंथालयात आले. त्यांनी अंगात काळा कोट घातला होता. आलेमितूचा तो चाळिसावा दिवस होता. या वेळी तिकडं गोंदरला अंगणात माणसं जेवायला बसली असतील आणि येशी पंगतीतून फिरत असेल.

येशीनं अर्जाच्या कामासाठी मास्तरांना आपला प्रतिनिधी म्हणून नेमलेलं होतं, त्यामुळं तिचं प्रकरण त्यांना उघडता येत होतं. त्यांनी ते उघडलं. पान सापडलं. रकाना सापडला. त्यावर बाण नेऊन बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तेव्हा वर एक ओळ उमटली: प्रकरणाचा निकाल लागलेला आहे. नोंदींमध्ये आता बदल करता येणार नाही.

खाली सगळी अक्षरं फिकट राखी झाली होती, पण वाचता येत होती. अर्जदार: येशीहरेग. राहण्याची मुदत: कायम. वडील: मृत. आई: आलेमितू, गोंदर. जिवंत.

“मास्तर, बसू का?”

कागदांची पिशवी छातीशी धरून एक नवा माणूस उभा होता. मास्तरांनी पडद्यावरची नजर न काढता शेजारची खुर्ची सरकवली.

“बस,” ते म्हणाले. “जरा थांब फक्त.”