पाठमोरी

सुलक्षणाने कानांवरचे हेडफोन उतरवून माइकच्या दांडीला अडकवले आणि पडद्यावर थिजलेल्या चेहऱ्याकडे ती निरखून पाहू लागली.

“हे हसू मी देणार नाही, हर्षद.”

काचेपलीकडे दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. अंधेरीतल्या त्या डबिंग स्टुडिओत, परदेशी विज्ञानमालिकेतली वैमानिक तारिणी गेली तीन वर्षे सुलक्षणाच्याच कंठातून मराठी बोलत आली होती. आजच्या भागात यानाचा कप्तान तारिणीला भान हरपवणारा वायू हुंगवतो आणि त्या अवस्थेत तिच्याशी संग करतो. सकाळी सारे उघडकीस येते, तेव्हा ती खळखळून हसते; मागाहून तोही हसतो. भाग संपतो.

“ताई, परग्रहावरची गोष्ट ती. कोण एवढं मनावर घेतं?”

“माझी भाची घेते. तारिणीच्या आवाजात घाटकोपरची अख्खी चाळ दमात घेते ती.”

“अहो, पण बाई हसतेय ना! दात दिसतायत.”

“दात दिसले म्हणजे हसूच असतं का रे?”

हर्षदचा स्वर उतरला. “संध्याकाळी भाग पाठवायचाय. तुम्ही नाही म्हणालात, तर आवाजाला दुसरी कुणी बघावी लागेल. मग पुढची तारिणीही तिचीच. कशाला वाट लावून घेताय?”

सुलक्षणा घोटभर पाणी प्याली. आपण उठून गेलो, तर कुणीतरी याच जागी उभी राहून हसेल, हे तिला पुरते ठाऊक होते. तिने हेडफोन पुन्हा चढवले.

“लाव रे सिद्धेश.”

ध्वनिमुद्रक सिद्धेशने दृश्य सुरू केले. तारिणीचे ओठ विलगले. तापल्या तव्याला बोट लागावे तसा सुलक्षणाने श्वास आत ओढला आणि तुकड्यातुकड्यांनी सोडला. ओठांवर तो नेमका बसला. मात्र ते हसू नव्हते. मग तारिणी खिडकीकडे वळली. मूळ मालिकेत तिथे केवळ शांतता होती. पण पात्र पाठमोरे झाले की ओठ दिसत नाहीत, तिथले शब्द आपले, हा हर्षदचाच शिरस्ता. अशा जागी मालवणी कोट्या पेरून त्याने शाबासकी मिळवली होती.

“मला विचारलं नव्हतंस,” पाठमोरी तारिणी म्हणाली.

सिद्धेशचे बोट थांबवायच्या बटणावर अधांतरी राहिले. त्याने मुद्रण थांबवले नाही.

“मुळात हे नाहीये, ताई,” हर्षद म्हणाला.

“तुझ्या कोट्या होत्या का?”

हर्षदने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. या वेळी पडद्याकडे न पाहता, मान खाली घालून त्याने तो ऐकला.

“यावर कप्तान हसतो,” तो अखेर म्हणाला. “दुपारी कप्तानाचा आवाज द्यायला मिहिर येईल. त्याचं हसू याच्यापुढे बसवायचं कसं?”

सुलक्षणाने कोपऱ्यातली खुर्ची माइकजवळ ओढली आणि पदर सावरून ती बसली.

“ते मिहिरला विचार. मी थांबते.”