शेवटचा हात कोणाचा

मिस्त्रींनी भांडी धुण्याच्या मशीनचं दार लावलं, बटण दाबलं आणि आत पाणी भरल्याचा आवाज सुरू झाला, तेवढ्यात फोन वाजला. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी ओल्या हातानंच फोन उचलला. इस्पितळातून एक बाई बोलत होत्या. त्यांनी आधी नाव विचारलं, मग नातं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "तुम्ही लगेच येऊ शकाल का? सोबत कुणी असलं तर बरं."

चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून बिघाड कळतो. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी बायको घरी यायची होती. ती यायच्या आत स्वयंपाकघर लख्ख दिसलं पाहिजे म्हणून ते सकाळपासून झटत होते. हाताला लागेल ते मशीनमध्ये भरलं होतं. काय काय भरलं, ते पुढे त्यांना आठवलं नाही. चपला पायात सरकवून ते बाहेर पडले. मागे मशीन आपलं काम करत राहिलं.

त्यानंतर ठमी येऊन तीन आठवडे राहिली. मुलीचं खरं नाव वेगळं होतं. लहानपणी ती कुठेही फतकल मारून बसायची म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. तिनं औषधं फेकली, कपाटं आवरली, आईचे कपडे कोणाला द्यायचे ते विचारून दिले. डिशवॉशरही तिनंच रिकामं केलं, मिस्त्री मृत्यूचा दाखला आणायला गेले होते तेव्हा. जेवताना दोनदा म्हणाली, "बाबा, एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करणार? माझ्याकडे चला." मिस्त्री म्हणाले, "बघू." मग जावयाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "घराचंही काहीतरी ठरवावं लागेल ना." तिथं मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

ठमी जायची होती त्या सकाळी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. चहात मीठ पडलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. बरण्या ओळीनं होत्या, चकचकीत होत्या आणि सगळ्या कोऱ्या होत्या.

बायको प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवायची. नुसतं नाव लिहून तिचं भागायचं नाही. साखरेवर लिहिलेलं होतं, 'मिस्त्री, एकच चमचा.' मिठावर, 'ही साखर नव्हे.' चहाच्या बरणीवर, 'संपत आला की सांगा, संपल्यावर नाही.' निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. घरात तिनं लिहिलेलं दुसरं काही नव्हतं. ती पत्रं लिहिणाऱ्यांतली नव्हती.

ठमी आतल्या खोलीत बॅग भरत होती. मिस्त्री दारात उभे राहिले.

"बरण्यांवरच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

तिचा हात थांबला. "धुताना गेल्या असतील."

"कोणी धुतल्या?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मिस्त्रींना वाटलं.

"मीच."

"नळाखाली?"

"हो बाबा, नळाखाली."

"तुझ्याकडची या घराची किल्ली ठेवून जा."

ठमीनं पर्समधून जुडगा काढला. कडी घट्ट होती. नखानं उघडता उघडता तिला बराच वेळ लागला, पण मिस्त्रींनी हात पुढे केला नाही. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि बॅगेची चेन ओढली. का, असं तिनं विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कबूल केलं, असं मिस्त्रींनी धरलं.

पुढचे अडीच महिने ते जणू घरात पहाऱ्यावर होते. आधी आईचं अक्षर पुसायचं, मग बापाला हलवायचं, मग घर विकायचं, असा सगळा नकाशा त्यांना दिसू लागला. घराची कागदपत्रं त्यांनी कपाटातून काढून हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खाली ठेवली. ठमी दर रविवारी दहा वाजता फोन करायची. जेवलात का, झोप लागते का, गुडघा कसा आहे. प्रत्येक प्रश्नामागे दुसरा प्रश्न आहे, अशा हिशेबानं ते 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर भागवायचे. एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवण झालं की नळाखाली धरायची आणि पालथी घालायची. मशीनला त्यांनी हात लावला नाही.

शेवटी एका शनिवारी शेजारचे मास्तर जेवायला आले आणि भांडी साठली. मिस्त्रींनी ती मशीनमध्ये लावली आणि बटण दाबलं. तासाभरानं दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी साचलेलं, आणि पंप नुसता घुं घुं करतोय.

रविवारी सकाळी आठ वाजता मास्तर टॉर्च घेऊन हजर झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणाचंही काम चाललेलं दिसलं की राहवत नसे.

"कंपनीचा माणूस बोलवा ना, मिस्त्री. आपली वयं झाली."

"तुमचं झालं असेल. मी अजून वाकतो."

"वाकता खरं. उठताना मला हाक मारता."

मिस्त्रींनी प्लग काढला, पाण्याची तोटी बंद केली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. खालचा कप्पा ओढून बाजूला ठेवला. कामावर असताना त्यांचा एक नियम होता. बंद पडलेल्या लिफ्टला पाना लावण्याआधी विचारायचं, शेवटी कोणी हात लावला? यंत्र आपोआप बिघडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणीतरी दारात पाय घालतं, कुणीतरी नको ते बटण दाबतं. नाव कळलं की अर्धा बिघाड कळतो.

मास्तरांना तो नियम पाठ होता. "मग, शेवटी कोणी हात लावला?"

"ठमीनं."

"हं." मास्तरांनी टॉर्च लावला. "कुठेतरी पाणी मुरतंय, मिस्त्री."

"मुरत नाहीये, साचलंय. ते भांडं द्या इकडे."

भांड्यानं पाणी उपसून झालं, उरलेलं स्पंजनं टिपलं. मास्तर बोलत होते. त्यांच्याकडेही धाकट्या मुलानं असंच केलं होतं. आधी गीझर बंद पडला, मग फ्रिज. मग म्हणे, अप्पा, तुम्हाला आता एकट्याला झेपत नाही.

"गीझर त्यानं बिघडवला?" मिस्त्रींनी मान वर केली.

"छे हो. तो आपला आपणच गेला होता. पण संशय येतोच ना माणसाला."

मिस्त्रींनी तळाची गाळणी डावीकडे फिरवली आणि वर उचलली. टॉर्चपुढे धरली. मग अंगठा जाळीवरून फिरवला.

गाळणी साफ होती. इतके दिवस बंद असलेल्या मशीनची गाळणी बुळबुळीत लागायला हवी, वास यायला हवा. कालच्या जेवणाचे दोन कण सोडले तर हिच्यात काही नव्हतं. जाळीच्या कोपऱ्यात ब्रशचा एक पांढरा केस अडकला होता. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून काढला. कुणीतरी बसून, एकेक भोक घासून ही गाळणी धुतली होती.

"नुसती भांडी काढायची तर गाळणीला हात कशाला लावायचा?" ते म्हणाले.

"तेच म्हणतो मी."

मिस्त्रींची कानशिलं गरम झाली. म्हणजे चिठ्ठ्यांवर भागलं नव्हतं. मशीनही उघडून ठेवलं होतं. बंद पडू दे, म्हातारा भांड्यांच्या ढिगात बसू दे, मग येईल आपण होऊन. त्यांनी गाळणी वर्तमानपत्रावर ठेवली. तिच्या शेजारी तिची जाळी. मग पंपावरच्या झाकणाचा स्क्रू काढला, झाकण उचकटलं आणि आत बोट घातलं. पाणी बाहेर फेकणारा छोटा पंखा तिथं असतो. तो बोटानं फिरायला हवा. फिरेना. बोटाला काहीतरी मऊ, चिकट लागलं.

"टॉर्च खाली घ्या. अजून खाली."

चिमट्यानं त्यांनी ते थोडं थोडं ओढून काढलं. करडा लगदा होता. पंख्याच्या पात्यांना डिंकासारखा बसला होता. मूठभर निघाला. एका ठिकाणी त्यात निळी झाक होती. अक्षर एकही वाचता येत नव्हतं.

"कागद," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "मिस्त्री, कागद घातलाय हो तिनं. मुद्दाम."

 लगदा ठेवायला मिस्त्री वर्तमानपत्राकडे वळले आणि तसेच थांबले.

वर्तमानपत्रावर ओळ लागली होती. गाळणी, जाळी, झाकण, स्क्रू. मोठ्यापासून लहानापर्यंत, सारख्या अंतरावर. हे त्यांचे हात न सांगता करायचे. जे काढलं ते ओळीत ठेवायचं, म्हणजे परत बसवताना चूक होत नाही. बायको त्यावरून हसायची. ठमी तर काहीही काढलं की ढीग करते, तिच्या शाळेच्या दप्तरापासूनची खोड.

त्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर बरण्यांची झाकणं होती. आठ झाकणं, मोठ्यापासून लहानापर्यंत.

आज ती तिथं नव्हती, पण तेव्हाची त्यांना आता डोळ्यांपुढे दिसली. इस्पितळातून संध्याकाळी परत आले तेव्हा कट्ट्यावर होती. दुसऱ्या दिवशी होती. माणसं येत होती, बसत होती, आणि झाकणं ओळीनं तिथंच होती. बरण्यांची झाकणं मशीनमध्ये घालायची नाहीत, आतलं रबर जळतं, असं बायको सारखी बजावायची. म्हणून त्यांनी ती काढून ठेवली होती आणि बरण्या रिकाम्या करून खालच्या कप्प्यात पालथ्या घातल्या होत्या. आठही, चिठ्ठ्यांसकट. ती उद्या येईल, कपाट उघडेल आणि म्हणेल, अरे वा मिस्त्री, असं त्यांना वाटलं होतं. बटण दाबलं आणि फोन वाजला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. पाय आखडला."

"मी टाकून येतो ते." मास्तरांनी लगद्याकडे हात नेला.

"राहू द्या."

"अहो, घाण आहे ती."

"राहू द्या म्हटलं ना, मास्तर."

मास्तरांनी हात मागे घेतला. जरा वेळानं म्हणाले, "मग आता तिला जाब विचारणार की नाही?"

"टॉर्च बंद करा. सेल जातील."

मिस्त्रींनी पंखा पुसला, बोटानं फिरवून पाहिला. फिरला. सगळं ज्या ओळीनं काढलं होतं त्याच्या उलट बसवलं. मास्तरांना चहा विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मास्तरही, चला, पेपर वाचायचा राहिलाय, म्हणून उठले. मिस्त्रींनी तोटी उघडली, प्लग लावला आणि मशीन रिकामंच चालू केलं. ते शेजारी जमिनीवर बसून राहिले.

पाणी बाहेर पडायला लागलं तेव्हा फोन वाजला. दहा वाजले होते.

"बाबा, जेवलात?"

"दहा वाजलेत, ठमे. एवढ्यात कोण जेवतं?"

 अडीच महिन्यांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

"आवाज कसला येतोय?"

"मशीन चालू आहे. बंद पडलं होतं. मी उघडलं."

"मशीन?" तिनं विचारलं, "काय झालं होतं त्याला?"

"पंख्यात अडकलं होतं. कागद."

फोनमध्ये तिच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. कुणीतरी तो लहान केला.

"जास्त होता?" ठमीनं विचारलं.

"मूठभर."

"मी गाळणी नीट धुतली होती, बाबा. दोनदा. मला वाटलं, सगळा निघाला."

मिस्त्रींनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. 

"खाली घसरतो थोडा," ते म्हणाले. "गाळणी काढताना. त्यात तुझं काही नाही. माहिती नसलं की होतं."

"हो."

"पुढच्या रविवारी येतेस का?"

"येते. पण बेल ऐकू येईल ना तुम्हाला? माझ्याकडे आता किल्ली नाही."

"येईल ऐकू."

"दोनदा वाजवीन."

"वाजव."

फोन ठेवून ते उठले. गुडघा वाजला. मशीन थांबलं होतं. त्यांनी दार उघडून आत हात घातला. तळ कोरडा होता. हत्यारांची पेटी ओढून त्यांनी पान्यांखालची कागदपत्रं काढली, त्यांना लागलेलं ग्रीस पुसलं आणि ती कपाटात जागच्या जागी ठेवली. मग हात धुतले. चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, स्पंज, सगळं आवरलं.

आपलं चुकलं, एवढं ठमीला सांगायचं राहिलं.