ओल्या गाठींचा दोर

मी एक जुना दोर आहे. नरडाण्यापासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात, अभिमन आबांच्या अंगणात, दोन खांबांच्या मध्ये मला ताणून बांधले आहे. माझ्यावर कपडे वाळत घालतात. ते काम मी कमी लेखत नाही. पण मित्रांनो, एके काळी दिवाळी झाली की सहा घरांची माणसे माझ्यासाठी विहिरीवर जमत असत. त्या वर्षी त्यांच्या शेतात कोणता गहू पडायचा, ते माझ्यावरून ठरत असे. तीच हकिकत मी सांगणार आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

१९८१ च्या उन्हाळ्यात अंबाडीच्या वाखापासून मला वळले. एक टोक आबांच्या हातात होते, दुसरे त्यांच्या पत्नी कलाबाईंच्या. वळून झाल्यावर कलाबाईंनी माझ्या शेवटाला एक काळा दगड बांधला आणि दर तीन हातांवर एकेक गाठ मारली. अशा बारा गाठी झाल्या. मला ना बैल बांधायचा होता, ना पाणी ओढायचे होते. मला फक्त पाणी मोजायचे होते.

विहीर सहा घरांच्या वाट्याची होती. प्रत्येकाला मोटारीची पाळी ठरलेली. पूर्वी सगळ्यांचे असे होई, की कोणी तरी नव्या बियाण्याची पिशवी आणी, ते पाहून बाकीचेही तेच आणत. ते बियाणे पाच पाणी मागणारे. विहिरीत पाणी तिघांपुरते. मग पौषात भांडणे होत आणि गहू कोणाचाच धड पिकत नसे.

त्या सुमारास जीवराम नावाचे कृषी सहायक सायकलवर गावात येत. त्यांनी पारावर बसून सांगितले, की गहू पाणी बघून निवडावा. पाणी मुळीच नसेल तर काळ्या जमिनीच्या ओलीवर बन्सी हा जुना देशी गहू पेरावा. एकदोन पाणी देता येत असतील तर चोपन्न-एकोणचाळीस नंबरचा. चार-पाच पाण्यांची खात्री असेल तरच एकवीस-एकोणनव्वद. पेरणीला फार उशीर झाला तर सोनालिका. भरपूर पाणी पिणारा गहू तहानलेला ठेवला तर तो गरीब बन्सीपेक्षाही कमी देतो, आणि बन्सीला पाणी पाजत बसले तर तो वाढून आडवा पडतो. दोनच पाणी असतील तर पहिले एकविसाव्या दिवशी आणि दुसरे फुलोऱ्यात, साठाव्या-पासष्टाव्या दिवशी द्यावे, हेही त्यांनी सांगितले.

पुरुष ऐकून उठून गेले. कलाबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी ते सगळे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले. मग दोन वर्षे त्या दिवाळीनंतर मला विहिरीत सोडून माझ्या किती गाठी भिजल्या ते बघत, आणि त्या वर्षी विहिरीने किती पाळ्या पुरवल्या तेही लिहून ठेवत. त्यातून त्यांचा हिशोब बसला. सहा किंवा जास्त गाठी ओल्या निघाल्या तर पाच पाण्यांचा गहू. तीन ते पाच निघाल्या तर दोन पाण्यांचा. त्याहून कमी असतील तर बन्सी, आणि विहिरीचे पाणी माणसांना व गुरांना.

पहिल्यांदा लोक हसले. बाईमाणसाने दोर सोडून गहू ठरवायचा, हे त्यांना पटेना. पण पंच्याऐंशी साली पाऊस अर्ध्यावर निघून गेला. मला वर ओढले तेव्हा चारच गाठी ओल्या होत्या. कलाबाई घरोघर जाऊन सांगून आल्या, की यंदा मोठा गहू पेरू नका. आमचे सोडून चार घरांनी कुरकुरत ऐकले. पाचवे घर द्रौपदाबाईंचे. आधार नावाचे त्यांचे यजमान त्याच श्रावणात साप चावून गेले होते. पदरात आठ वर्षांची मुलगी आणि विहिरीच्या पाटाच्या अगदी शेवटाला अडीच एकर शेत. द्रौपदाबाईंनी काही विचारलेच नाही. कलाबाईंना त्या अक्का म्हणत. अक्का सांगतील ते पेरायचे, एवढेच त्या म्हणाल्या.

त्या वर्षी आसपासच्या शिवारात गहू होळीच्या आधीच पांढरा पडला. आमच्या सहा घरांत मात्र दाणा आला. खूप नाही, पण वर्षभर भाकरीसोबत पोळीही होईल इतका आला. द्रौपदाबाईंनी पहिली ओंजळ आणून कलाबाईंच्या सुपात टाकली. त्या दिवसापासून मला देवळीतल्या खुंटीवर जागा मिळाली. पुढे एका शेतकरी मेळाव्यात कलाबाईंना नारळ आणि शाल मिळाली. तेव्हा मलाही टेबलावर ठेवले होते. साहेबांनी माझ्या गाठी बोटांनी मोजून पाहिल्या. मित्रांनो, अंबाडीच्या दोराला याहून मोठा मान तो कोणता?

अकरा वर्षे मी खोटे बोललो नाही. बाराव्या वर्षीही बोललो नाही, तरी माझ्यामुळे एक घर उठले.

अभिमन आबांना पंडित नावाचा धाकटा भाऊ होता. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीतला वाटा आबांकडे आला आणि पंडितला वरच्या अंगाचे कोरडवाहू शेत मिळाले. पंडितची सासुरवाडी फैजपूरची. तिकडच्या केळीच्या बागा बघून तो आला, की चार दिवस जेवताना दुसरे काही बोलत नसे. त्याला वाईट मी म्हणणार नाही. त्याच्या शेतात बाराही महिने धूळ उडायची आणि शंभर पावलांवर भावाच्या शेतात पाट वाहायचा. ते त्याने दहा वर्षे पाहिले होते.

ब्याण्णव साली मला विहिरीतून काढले तेव्हा सहा गाठी ओल्या होत्या. कलाबाईंनी एकवीस-एकोणनव्वद सांगितला. द्रौपदाबाई जरा घुटमळल्या. आपले शेत पाटाच्या शेवटाला, पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून आपण दोन पाण्यांचाच पेरावा असे त्यांच्या मनात होते. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती, एकही दाणा वाया जाऊन चालणार नव्हते. कलाबाईंनी माझी सहावी गाठ त्यांच्या तळहातावर पिळून दाखवली. पाणी टपकले. द्रौपदाबाई हसल्या आणि सगळ्यांनी आणला तोच गहू घेऊन गेल्या.

पेरणी होऊन आठवडा झाला नसेल, पंडितने आपल्या शेतात बोअर पाडली. पाणी लागले तेव्हा कलाबाई स्वतः नारळ घेऊन गेल्या. धाकट्या दिराच्या कपाळीची धूळ गेली, याचा त्यांना खरोखरच आनंद झाला होता. पंडितने लगेच फैजपूरहून कंद आणून केळी लावली. जेव्हा वीज असे तेव्हा त्याची मोटार चालू असे.

पहिले पाणी सगळ्यांना मिळाले. दुसरे रडतखडत मिळाले. जानेवारीत मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडू लागला. असे आजवर कधी झाले नव्हते. कलाबाईंनी मला खुंटीवरून काढले आणि त्या रोज दोनदा विहिरीवर येऊ लागल्या, सकाळी आणि दिवस मावळताना. दीड गाठ ओली निघे. मग तारा तुटून दोन दिवस गावात वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अडीच गाठी भिजून वर आलो. वीज आली, आमची मोटार कलाबाईंनी बंदच ठेवायला लावली, पण वर पंडितची सुरू झाली आणि संध्याकाळी पुन्हा दीड. कलाबाई विहिरीच्या काठावर मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या. त्यांना कळले होते. मलाही कळले होते. मी दिवाळीला जे पाणी मोजले होते, ते आमच्या विहिरीत नुसते थांबलेले होते. वर ओढ लागली तेव्हा ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मला ओलाच हातावर गुंडाळून पंडितच्या शेतात गेल्या. आबा बरोबर होते, मागून बाकी घरांची माणसेही आली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वीज नव्हती तेव्हा इथवर, आली तेव्हा इथवर, असे माझ्यावर बोट ठेवून दाखवले. मग म्हणाल्या,

"पंडित, आठ दिन मोटर बंद ठेव. सहा घरना गहू फुलोरामा शे. एक पानी भेटनं ते वाची जाई."

पंडितने माझ्याकडे पाहिले. मग केळीच्या गुडघाभर रोपांकडे पाहिले.

"वाटनीमा विहीर तुम्हले उनी, वैनी," तो म्हणाला. "मन्हं पानी मी शोधं. आठ दिनमा मनी केळ बी मरी जाई."

कलाबाईंनी आबांकडे पाहिले. सगळ्यांनीच आबांकडे पाहिले. वाटणीच्या वेळी विहीर आपल्याकडे ठेवण्याचा हट्ट आबांचाच होता, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. आबा खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. थोड्या वेळाने माणसे एकेक करून निघून गेली. आम्ही बांध ओलांडत होतो तेव्हा मोटार चालूच होती.

त्या आठवड्यात विहिरीत जे काही साठे, ते घटकाभर चाले. कलाबाईंनी आपली पाळी द्रौपदाबाईंना दिली. पाटाच्या तोंडाशी कलाबाई उभ्या आणि शेवटाला फावडे घेऊन द्रौपदाबाई. पाणी अर्ध्या पाटापर्यंत गेले, तिथे तहानलेल्या मातीत मुरले आणि पुढे सरकेना. मोटार हवा ओढू लागली. द्रौपदाबाईंनी फावडे खाली ठेवले, वाऱ्याने हलणाऱ्या आपल्या गव्हाकडे पाहिले आणि त्या घरी गेल्या.

ओंब्या आल्या, पण दाणा भरला नाही. जिऱ्यासारखा बारीक, चिमलेला. द्रौपदाबाईंनी तो कापलाही नाही, त्यात शेळ्या सोडल्या. शेत बटाईने देऊन टाकले. चैत्रात त्या मुलीला घेऊन सुरतेला निघाल्या. तिथे त्यांचा दीर कपड्याच्या कारखान्यात होता. पेटी बांधायला धड दोरी नव्हती, म्हणून कलाबाईंनी मला नेले आणि नरडाणा स्टेशनापर्यंत ती पेटी मीच आवळून धरली होती. फलाटावर कलाबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की सहा गाठी खरोखर ओल्या होत्या, तुझ्या हातावर पिळून दाखवली होती. द्रौपदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"तू खोटं नही बोलनी, अक्का," त्या म्हणाल्या. "मले बी माहीत शे."

सुरतेची गाडी आली. पेटी डब्यात चढवून त्यांनी मला तिच्यावरून सोडले, नीट गुंडाळले आणि कलाबाईंच्या हातात परत दिले. त्यानंतर त्या गावात आल्या नाहीत. मुलगीही तिकडेच कारखान्यात लागली, असे पुढे कळले.

पुढच्या दिवाळीला लोक विचारायला आले, तेव्हा कलाबाईंनी मला खुंटीवरून काढलेच नाही. मला विचारू नका, एवढेच त्या म्हणाल्या. मग ज्याला जमेल त्याने बोअर पाडली. दोनशे फूट, अडीचशे, साडेतीनशे. तेवढे खोल मोजणारा दोर कोण वळणार? शहाण्णव साली विहीर दिवाळीलाच कोरडी पडली. मला एकदा सोडून पाहिले होते. दगड तळाला आपटल्याचा आवाज आला आणि मी धूळ घेऊन वर आलो.

त्याच वर्षी पंडितची बोअरही आटली. केळी उभ्या जागी काळी पडली. एका सकाळी तो आबांच्या ओट्यावर येऊन बसला. दाढी वाढली होती. कलाबाईंनी त्याला पाणी दिले. ते पिऊन त्याने खाली मान घालून विचारले, की वैनी, यंदा काय पेरू.

राग धरायचा तर तो दिवस होता. कलाबाईंनी धरला नाही. जमिनीत अजून थोडी ओल आहे, बन्सी पेर, असे त्यांनी सांगितले. मग दोघेही बन्सीचे बियाणे शोधायला निघाले. आमच्या कोठीत नव्हते. शेजारी नव्हते. अख्ख्या गावात कोणाच्याही घरी मूठभर नव्हते. इतकी वर्षे पाण्याचा गहू पेरता पेरता बिनपाण्याचा गहू राखून ठेवायचे कोणालाच सुचले नव्हते. कलाबाईंनाही नाही. त्या दुपारी परतल्या तेव्हा दारात उभ्या राहून बराच वेळ रिकाम्या कोठीकडे पाहत होत्या. पंडितने ते शेत पडीक ठेवले.

त्यानंतर माझा दगड सोडून टाकला आणि मला अंगणात बांधले. गाठी मात्र तशाच आहेत. ओली लुगडी टाकली, की त्या भिजतात.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. पेरण्याआधी पाणी मोजा, आणि मोजून झाल्यावर घरी जाऊ नका. शेजाऱ्याच्या शेतात काय लावले आहे, तेही बघून या. त्याच्या वाट्याला पाणी आले नसेल, तर तो ते खणून काढील आणि ते तुमच्याच विहिरीतले असेल. बिनपाण्याच्या गव्हाचे एक मडके घरात राखून ठेवा. तुम्ही हे कराल, अशी आशा मी धरत नाही. मी हे पहिल्यांदा सांगत नाही आहे. पंडितच्या बांधावर कलाबाईंनी मला हातात धरून सांगितले होते, आणि तेव्हा ते सगळ्यांनी ऐकले होते.